सोपिल्का आणि बंडुरा १२४ बीपीएमवर: सूर चढतो, कॉर्डचा चिखल होतो, काय करावं?

गिरणाकाठ

राम राम मंडळी. धुळ्यात एप्रिलअखेर उघड्या मैदानावर १२ मिनिटांचा सेट आहे, रात्री ८ ला. हाउस बीट, १२४ बीपीएम (मिनिटाला १२४ मात्रा), त्यावर युक्रेनी लोकवाद्यं. सोपिल्का (शिट्टीसारखी टोकाकडून फुंकायची बासरी) खरी आहे: डी सुराची, सहा भोकांची, लाकडी, अखंड नळी. ग्रुपमधला बासरीवाला ती स्टेजवर वाजवेल. बंडुराचे (पुष्कळ तारांचं, छेडून वाजवायचं वाद्य) कोरडे स्टेम, म्हणजे रिव्हर्ब नसलेले सुटे ट्रॅक, परवान्यासकट विकत घेतलेत, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट, मूळ वेग ११८. ड्रिंबाच्या (तिकडचं मोरचंग) जागी आपलं मोरचंग. ट्रेंबिटाचा (लांब लाकडी तुतारी) एकच लांब नमुना. सॉफ्टवेअर एबलटन, इंटरफेस चार आउटपुटचा, साउंड मात्र वरातीतल्या डीजेवाल्याचा.

अडचणी अशा. एसी खोलीत सोपिल्का ट्रॅकशी जुळते, बाहेर ओट्यावर वाजवली की वर चढते. बंडुरा ११८ चा १२४ ला ओढला की तारेचा झणकार पुसट होतो, आणि कॉर्ड बदलला की मागचा पुढच्यात मिसळतो. तिसरी अडचण चालीची. ई मायनर, सी, जी, डी हा नेहमीचा क्रम टाकला तर गाणं ऐकणेबल होतं, पण युक्रेनी काही उरत नाही. कार्पेथियन (पश्चिम युक्रेनच्या डोंगराळ भागातल्या) बाजाचे सूर घेतले तर कॉर्ड बोंबलतात. कुठून सुरुवात करावी?

खर्जातला माणूस

सुरापासून. बाकीचं नंतर.

सोपिल्का चढते ती हवेमुळे. हवा गरम झाली की आवाजाचा वेग वाढतो, नळीची लांबी तेवढीच राहते, म्हणून सूर वर जातो. ढोबळ हिशोब अंशाला ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). एसीतले २४ आणि मैदानातले रात्रीचे ३५ धरा: ११ अंश, कागदावर ३० सेंटच्या थोडं वर. फुंकेमुळे नळीतली हवा एसीतही थोडी गरम असतेच, म्हणून प्रत्यक्षात फरक त्याहून कमी पडतो. पण १५-२० सेंटही सिंथच्या ताठ सुराशेजारी कानाला टोचतात.

त्यात शिट्टीच्या जातीच्या वाद्याला दुसरी खोड आहे. जोरात फुंकलं की सूर चढतो, हळू फुंकलं की उतरतो. स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की वाजवणारा जोर लावतो, म्हणजे गरमीचा चढ अधिक जोराचा चढ. निम्मा इलाज मॉनिटरमध्येच आहे. वाजवणाऱ्याच्या कानात सोपिल्का आणि षड्जाचा एक सपाट ड्रोन (अखंड धरलेला सूर), एवढंच द्या. किक (बेस ड्रमचा ठोका) कमी, पॅड (सिंथचे लांब धरलेले कॉर्ड) अजिबात नको.

उरलेला निम्मा असा. अखंड नळीला ओढून सूर उतरवायची सोय नाही, म्हणून ट्रॅकच वर न्यायचा. ड्रम सोडून सुरातलं जे जे आहे, बंडुरा, बेस, पॅड, ते सगळं चार आवृत्त्यांत रेंडर करून ठेवा: जसंच्या तसं, अधिक १०, अधिक २०, अधिक ३० सेंट. साउंडचेक दुपारी ४ ला उरकू नका, तेव्हाचा पारा वेगळा असतो. सूर तपासायला कार्यक्रमाच्या थोडं आधी ५ मिनिटं मागून घ्या. सोपिल्का २-३ मिनिटं फुंकून गरम करायची, मग मधला ए धरून ट्यूनर बघायचा. ८८० ऐवजी ८९० हर्ट्झच्या आसपास दिसला तर अधिक २० ची आवृत्ती लावा. एकच सूर बेसूर असेल तर त्या भोकाच्या वरच्या कडेला चिकटपट्टीची बारीक पट्टी लावली की तेवढाच सूर उतरतो.

लाइव्ह ऑटोट्यून लावू नका. सोपिल्काचा अलंकार म्हणजे पटकन मारलेला वरचा सूर आणि छोटी थरथर. ऑटोट्यून त्यालाच चूक समजून सपाट करतो.

मधुकौंस

चालीबद्दल. कार्पेथियन बाज म्हणताय तो बहुधा त्या डोंगरांतल्या हुत्सुल लोकांच्या गाण्यांत सापडणारा सूरसमूह: सा रे कोमल ग, तीव्र म, प ध कोमल नि. यातले रे आणि ध काढले की आपला मधुकौंस. सातही सूर ठेवले तर कर्नाटक पद्धतीतला हेमवती. तुमच्या बासरीवाल्याला एवढं सांगितलं तरी बोटं बसतील, चाल मात्र मधुकौंसाची ठेवू नका. मींड कमी, सूर तुटक, तालावर नाचणारे.

षड्ज ई वर धरा. मग सूर असे येतात: ई, एफ शार्प, जी, ए शार्प, बी, सी शार्प, डी. डी सुराच्या सोपिल्कावर यातला फक्त ए शार्प अर्धं भोक उघडून काढावा लागतो, बाकी सगळे सरळ बोटांनी निघतात. ई वर षड्ज धरायचं मुख्य कारण हेच.

आता कॉर्ड का बोंबलतात ते बघा. तुमच्या क्रमातल्या सी कॉर्डचा मूळ सूर सी नॅचरल, चालीत सी शार्प. डी कॉर्डमध्ये ए नॅचरल, चालीत ए शार्प. दोन्ही ठिकाणी अर्ध्या सुराची टक्कर. या सूरसमूहात निर्धोक कॉर्ड चारच निघतात: ई मायनर, एफ शार्प मेजर, जी मेजर, बी मायनर. त्यातला रंग एफ शार्प मेजरमध्ये आहे, कारण तीव्र मध्यम त्याच्या पोटात. ८ मात्रा ई मायनर आणि ८ मात्रा एफ शार्प मेजर, खाली ई चा ड्रोन न हलवता, एवढ्यावर ३ मिनिटं आरामात निघतात. जी आणि बी मायनर ब्रेकनंतर काढा. चारही एकदम वापरले की पुन्हा नेहमीचं गाणं होतं.

बंडुराच्या स्टेममध्ये एक अडचण निघेल. कीव्ह घडणीच्या बंडुराची मुख्य रांग सहसा जी मेजरमध्ये लावलेली असते, म्हणजे तिच्यात सी आणि ए नॅचरल आहेत. तुमचे स्टेम त्या सुरांत वाजले असतील तर या सूरसमूहाखाली चालणार नाहीत. मग दोन वाटा. सेटचा एक भाग जी मेजर/ई मायनरमध्ये बंडुराला द्यायचा. तिथे सोपिल्काने सी नॅचरल घ्यायचा, म्हणजे वरचं पहिलं भोक उघडं, दुसरं-तिसरं बंद, खालची तीन उघडी (एखाद्या नळीला खालचं आणखी एखादं झाकावं लागतं). दुसरा भाग तीव्र मध्यमाचा, तिथे बंडुराचे फक्त ई, जी, बी हे सूर कापून वापरायचे. माझं मत दुसऱ्या वाटेचं, पण तुमचा सेट १२ मिनिटांचा आहे, दोन्ही मावतील.

रावेरकर

बंडुराचा झणकार पुसट होतो कारण एबलटनमधला वेग ताणायचा कॉम्प्लेक्स प्रो मोड लावलेला असणार. तो मोड आघात पसरवतो. बंडुरा मुळात आघाताचं वाद्य आहे, नखाची टकटक गेली की उरतो तो ऑर्गन. ११८ चा १२४ ला ताणायचाच नाही. प्रत्येक आघातावर काप मारा, तुकडे नव्या वेगावर सरकवा, आणि प्रत्येक तुकड्याची शेपूट तशीच ठेवा. वेगात फरक ५ टक्क्यांचा आहे, शेपटी एकमेकांवर जेमतेम चढतात. मोरचंगला बीट्स मोड चालतो. सोपिल्का लाइव्हच आहे, पण कधी रेकॉर्ड केलीत तर टोन्स.

चिखलाचं कारण वाद्याच्या घडणीत आहे. मैफलीच्या बंडुराला साधारण ५५ ते ६५ तारा, धातूच्या, आणि नेहमीच्या बंडुरात त्या थांबवायला पियानोसारखी सोय नाही. तार छेडली की विझेपर्यंत वाजणार, शेजारच्या तारा सोबतीला गुणगुणणार. कसलेला वाजवणारा तळहाताने तारा दाबतो. कोरड्या स्टेममध्ये ते नसेल तर तुम्हाला करावं लागेल. बंडुराचे दोन ट्रॅक करा, अ आणि ब. पहिला कॉर्ड अ वर, दुसरा ब वर, तिसरा परत अ वर. कॉर्ड बदलताना जुन्या ट्रॅकची शेपूट १५० मिलिसेकंदांत उतरवा, नव्याला हात लावू नका. मिळतीजुळती गोष्ट बेसची: १०० हर्ट्झखालचं बंडुराचं सगळं हायपासने उडवा. २०० ते ४०० हर्ट्झमध्ये ३ डेसिबल कमी करा, खोक्याचा घुमार तिथे साठतो. २ ते ५ किलोहर्ट्झला हात लावू नका, नखं तिथे आहेत.

मग साइडचेन. १२४ ला एक मात्रा ४८४ मिलिसेकंद. किकवर बंडुरा ३-४ डेसिबल दबू द्या, रिलीज १४० च्या आसपास, म्हणजे पुढचा किक यायच्या बऱ्याच आधी आवाज परत जागेवर येतो.

सोपिल्काबद्दल एक. डी सोपिल्काचे सूर साधारण ५९० हर्ट्झपासून वर सुरू होतात आणि त्यांत ओव्हरटोन थोडेच असतात. त्याच पट्टीत जाडजूड सॉ लीड वाजला तर ती गायब होते, फेडर कितीही वर करा. सोपिल्का चालू असताना सिंथ एक सप्तक खाली आणि लोपास १.५ किलोहर्ट्झवर. रिव्हर्ब प्लेटचा, १.४ सेकंद, प्रीडिले ३० मिलिसेकंद, रिव्हर्बच्या रिटर्नवर ५०० हर्ट्झचा हायपास. हे आकडे स्टुडिओसाठी. मैदानात रिव्हर्ब निम्मा करा.

टिपरीनाच

रावेरकर भाऊंचं बाकी पटतं, साइडचेनचं नाही. सगळा बंडुरा किकबरोबर दाबला तर नेमकी नखाची टकटक दबते, कारण लोकधुनेत छेड पहिल्या मात्रेवरच पडते आणि किकही तिथेच. मग "पंप" होणारा पियानो ऐकू येतो. दाबायचं तर ३०० हर्ट्झखालचंच दाबा, डायनॅमिक ईक्यूने, किकचा सिग्नल चावी म्हणून देऊन. वरची पट्टी मोकळी ठेवा.

आणि वेगापेक्षा ठेका बघा. कोलोमिय्का (युक्रेनी नाचगाणं) घ्या. तिची ओळ १४ अक्षरांची, ४+४+६, ठेका २/४. सहाच्या गटात शेवटची दोन अक्षरं दुप्पट लांब धरली जातात, म्हणजे ४+४+४ आणि मग दोन लांब सूर: एकूण १६ आठवे भाग. हाउसच्या ४/४ च्या बरोबर दोन आवर्तनांत एक ओळ बसते. म्हणून कोलोमिय्का इलेक्ट्रॉनिक बीटवर आपसूक चढते. हायहॅटला १६ वर १६ भरून टाकू नका. ओळीच्या शेवटचे दोन लांब सूर येतात तिथे हॅट बंद करा, क्लॅप ठेवा. लोक तिथेच टाळी देतात. वसंतातली वेस्न्यांका गाणी मात्र सगळी अशी सरळ बसत नाहीत, त्यांच्यामागे मेट्रोनोम लावून धरपकड करू नये.

ऐकायचं असेल तर गो-आ (२०२१ चा युरोव्हिजन, पाचवा क्रमांक) आणि कालुश ऑर्केस्ट्रा (२०२२ चा विजेता) यांत सोपिल्का कुठे थांबते ते बघा. कालुशमध्ये सोपिल्काची ओळ गाण्याच्या ओळींमधल्या जागेत येते. गो-आच्या गाण्यात वेग शेवटाकडे वाढत जातो. तसं करायचं असेल तर आधी टेम्पो मॅप काढून सगळं त्यावर बसवा, नंतर वाढवायला गेलात तर बंडुराचे काप परत मारावे लागतील. ओनुकाने कीव्हमध्ये २०१७ ला लोकवाद्यांच्या राष्ट्रीय ऑर्केस्ट्रासह जे सादर केलं तेही बघा, तिथे बंडुरांचा ताफा आणि सिंथ एकमेकांना जागा कशी देतात ते कळतं.

सबवूफर जळगाव

स्टुडिओचं झालं, आता मैदानाचं. डीजेवाल्याची सिस्टीम बहुतेक वेळा मोनो असते, दोन्ही बाजूंच्या स्पीकरच्या थप्पीत एकच आवाज. विकत घेतलेले बंडुराचे स्टेम रुंद स्टेरिओ असतात. मोनोत मिसळले की फेज कटतो, म्हणजे दोन चॅनलच्या लहरी एकमेकींना खोडतात, आणि बंडुरा पोकळ होतो. घरीच मास्टरवर युटिलिटी टाकून मोनो दाबून बघा. ३ डेसिबलपेक्षा जास्त पडला तर डावा चॅनल एकटाच वापरा. दोन चॅनल वाचवण्याच्या नादात वेळ घालवू नका.

ई चा खर्ज ४१ हर्ट्झ. बऱ्याच सबला ४० खाली काही देता येत नाही, ४१ ला ते काठावर असतात. तुमचा ड्रोन तिथे ठेवला तर बेस फक्त धडधडेल, सूर कळणार नाही. एक सप्तक वर घ्या, ८२ वर, आणि किक ५०-५५ ला ट्यून करा.

सोपिल्काचा माइक. आवाज तोंडातून नाही, शिट्टीच्या चौकोनी खिडकीतून निघतो. साधा डायनॅमिक माइक खिडकीपासून १५ सेंटीमीटरवर, थोडा खालून तिरका; तोंडासमोर धरला की फुसफूस जास्त, सूर कमी. हायपास २५० हर्ट्झ. ३ किलोहर्ट्झच्या आसपास टोचला तर २-३ डेसिबल कमी करा, ईक्यूचा मोठा खड्डा करू नका. वाजवणारा सबच्या समोर उभा नको, थप्पीच्या मागे एका बाजूला.

जनरेटरवरची सिस्टीम असेल तर ५० हर्ट्झची गुणगुण ठरलेलीच. इंटरफेसपासून मिक्सरपर्यंत डीआय बॉक्स आणि ग्राउंड लिफ्ट, लॅपटॉप बॅटरीवर. लॅपटॉपच्या पंख्याला मोकळी हवा ठेवा, दिवसभर तापलेल्या मैदानात प्रोसेसर वेग कमी करतो आणि आवाज तुटतो. बफर २५६ ठेवा, सोपिल्का सॉफ्टवेअरमधून फिरवूच नका, सरळ मिक्सरला. १२ मिनिटांचा सेट ८ ला असेल तर रात्री १० च्या मर्यादेचा ताण तुम्हाला नाही, पण सुरुवात लांबण्याची सवय आहे आपल्याकडे, म्हणून छोटी ७ मिनिटांची आवृत्ती तयार असू द्या.

शहाद्याचा संतूर

थोडक्यात. बंडुरा लाइव्ह हवाच असेल तर इथे स्वरमंडळ आणि संतूर जवळचे. बंडुराचा वरच्या तारांवरून सरकणारा झणकार स्वरमंडळाने निघतो, दोघांत तारा खुल्या आणि धातूच्या. संतूर घेतलात तर ते वाटेल त्सिम्बालीसारखं (तिकडचं संतूर), त्सिम्बालीही काठीनेच वाजते. स्वरमंडळ कूलरसमोर ठेवू नका. कूलरच्या ओल्या हवेने लाकूड फुगतं, सूर चढतो. कूलरपासून लांब नेलं आणि लाकूड सुकलं की उतरतो, आणि तारा तापल्यानेही उतरतो. वाद्य स्टेजच्या हवेत एक तास आधी नेऊन ठेवा, मग लावा. सोपिल्काबरोबर वाजवायचं असेल तर तिच्या सुराला लावा, ट्यूनरच्या ४४० ला नाही, कारण एकाच उकाड्यात नळी वर जाते आणि तार खाली.

नवापूर-साक्रीकडची पावरी (आदिवासींचं फुंकायचं वाद्य) या सेटमध्ये आणायचा मोह होईल. आणा, पण सोपिल्काबरोबर एकाच वेळी नको. पावरीचा सूर ठरलेला आणि भरगच्च, तिच्या सुराला सेट बांधावा लागतो, आणि हा सेट सोपिल्काच्या सुराला बांधलेला आहे. वेगळा ट्रॅक करा तिच्यासाठी.

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार. ई वर षड्ज, ड्रोन ८२ ला, बंडुरा मोनो, साइडचेन ३०० खाली, असं धरतो. ट्रेंबिटाचं राहिलं. नमुना ९ सेकंदांचा, खालून वर चढत जाणारा. तिचा मूळ सूर एफ निघतोय. अर्धा सूर खाली घेऊन ई वर आणला तर चालेल ना? आणि मधला एक सूर कशातच बसत नाही, तो काय प्रकार?

मधुकौंस

अर्धा सूर चालेल. दोन अर्ध्या सुरांपेक्षा जास्त ओढलं की आवाजाचा पोत बदलतो आणि ट्रेंबिटा प्लास्टिकच्या पाइपासारखी वाजायला लागते.

न बसणारा सूर बिघाड नाही. ट्रेंबिटाला भोकं नाहीत, ३ मीटरच्या आसपास लांब लाकडी नळी, वरून भूर्जाची साल गुंडाळलेली. ओठाने फक्त नैसर्गिक स्वरमाला निघते. तिच्यातला सातवा सूर आपल्या कोमल निपेक्षा ३१ सेंट खाली, आणि अकरावा शुद्ध म आणि तीव्र म यांच्या बरोबर मध्ये पडतो, तीव्र मपेक्षा ४९ सेंट खाली. तुमच्या चालीत नेमका तीव्र म मोठा आहे, म्हणून तो सूर ठसठसतो. पिच करेक्शनने ओढून बसवू नका, ट्रेंबिटाचा ट्रेंबिटापणा जातो.

पहिल्या ब्रेकमध्ये पॅड आणि बंडुरा पूर्ण बंद करा, खाली फक्त ई आणि बी चा ड्रोन, त्यात कोमल ग सुद्धा नको. त्यावर पूर्ण ९ सेकंद जसेच्या तसे सोडा. अकराव्या सुराच्या वेळी ड्रोनमधला बी ६ डेसिबल खाली घ्या, टक्कर कमी वाटते. १२४ ला ९ सेकंद म्हणजे साडेअठरा मात्रा होतात, म्हणून ब्रेक २० मात्रांचा ठेवा: शेवटच्या दीड मात्रेत शांतता, आणि एकविसाव्यावर किक.

सबवूफर जळगाव

त्या दीड मात्रेत डीजेवाल्याचा लिमिटर मोकळा होतो आणि पुढचा किक दुप्पट जोरात येतो. पहिला किक २ डेसिबल कमी ठेवा, नाही तर थप्पीचा सब तिथेच फाटायचा.